दोनशे बारावं पॅकेज

उद्यमबागेतली शेवटची भट्टी विझते तेव्हा
मी यादी उघडते.
दोनशे बारा पॅकेजं, सगळी एकाच फ्रेमवर्कच्या पाचव्या आवृत्तीवर उभी,
आणि सहावी दारात येऊन ठेपलेली, चपला न काढता.

एकेकटं नेता येत नाही कुणाला.
ज्याच्यावर इतर टेकलेत ते आधी,
जे नुसतंच टेकलंय ते मागाहून.
पंगतीचा उलटा न्याय: इथे वाढपी पहिल्यांदा बसतात.
मधेच दोघं निघतात एकमेकांचा पदर धरलेले,
हा म्हणतो ती बांधून झाली की मी,
ती म्हणते हा झाला की मी.
मग एकाचं एक अंग तात्पुरतं कापायचं,
दुसरं उभं राहिलं की परत शिवायचं.

गोकाकचा इराप्पा सी प्लस प्लसवाली चाळीस घेतो.
तो कानडीत वैतागतो, मी मराठीत.
फिनलंडमधला एक जण माझ्या चुका दुरुस्त करून
आपल्या मध्यरात्री झोपायला जातो;
त्याला मी अजून सांगितलेलं नाही
की माझं गाव नकाशावर दोन नावांनी सापडतं.

बावीस तारखेला हेस्कॉमची लाइट गेली.
सर्व्हर कुठल्याशा देशात एकटाच बांधत राहिला.
लाइट आली तेव्हा एकशे नव्वद हिरवी.
मग दोनशे चार. मग दोनशे अकरा.
तिथे गाडं अडलं.

बारावं म्हणजे इवलंसं यंत्र,
छापखान्याच्या जुन्या फॉन्टमधली मराठी आणि कानडी
युनिकोडमध्ये ओतणारं.
मेंटेनर: अनंत काकतकर.
शेवटचा बदल नऊ वर्षांपूर्वीचा.
तीन पत्रं पाठवली, पंधरा-पंधरा दिवसांनी, नियमाप्रमाणे.
उत्तर नाही आलं तर काढून टाकायचं,
हाही नियमच, मीच लिहिलेला.

पण पत्त्यात खडेबाजार होता.
शनिवारी स्कूटर काढली.

शटर अर्धं वर. झेरॉक्स, लॅमिनेशन, रबरी शिक्के.
काउंटरमागे चष्मा कपाळावर चढवलेला माणूस
कुणाचा तरी जातीचा दाखला मोठा करत होता.
मी सगळं सांगितलं: सहावी आवृत्ती, अडलेलं गाडं, पत्रं.
"त्या पत्त्याचा पासवर्ड गेला गं कधीच.
आणि अजून कोण वापरायलंय ते?"
मी फोनवर आकडा काढला. तीन.
जगभरात तीन संगणक,
तेही ज्यांनी आपणहून मोजू दिलंय ते.

त्याने मान वळवली.
कोपऱ्यात, लॅमिनेशनच्या मशीनखाली,
पिवळा पडलेला एक डबा घरघरत होता.
पडद्यावर लग्नपत्रिका, वरची ओळ कानडी, खालची मराठी,
वधूपक्ष धारवाडचा.
"एक हा बघ. उरलेले दोन कोण असतील गं?"

त्यावर आमचा बराच वेळ गेला.
एक संकेश्वरचा असावा, जत्रेची हँडबिलं छापायचा तो.
तो वारला, पण मुलगा चालवत असेल तर.
दुसरा काही सुचेना.
चहा आला, बशीत निवून गेला.

"अकरा ओळी बदलायच्यात," मी म्हटलं, "मोजल्यात मी.
इथेच बसून करू या?"
त्याने दाखल्याची दुसरी प्रत काढली, उजेडात धरून पाहिली.
"आगली. काढ तू.
माझ्या डब्यावर पाचवीच राहू दे,
तिला इथनं कोण हलवायलंय?"

रात्री यादीतली ओळ काढली.
सगळं हिरवं.
इराप्पाने फटाक्याचं चित्र पाठवलं, फिनलंडने नुसतं एक टिंब.
कारणाच्या रकान्यात आपोआप आलं होतं:
मेंटेनर उत्तर देत नाही.
ते खोडून लिहिलं:
भेटले. काढा म्हणाले.

मोजणीत अजून तीनच दिसतात.
तिसरा कोण,
ते मी भट्टी विझली की अधूनमधून आठवून पाहते.